चढायची हौस आणि तोडायचं काम

प्रश्न : ताई, नमस्कार. मी 29 वर्षांचा, साताऱ्यात राहतो, बँकेत नोकरी करतो. कॉलेजपासून सह्याद्रीतले सुळके चढायची आवड. पुढे दोर लावून झाडावर चढायचं तंत्र शिकलो आणि त्याचंच वेड लागलं. सुट्टीच्या दिवशी गावाकडच्या चिंचेवर नाहीतर वडावर दोर टाकायचा, वर जाऊन निवांत बसायचं आणि उतरायचं, एवढंच. गेल्या पावसाळ्याआधी शेजारच्या काकांच्या आंब्याची एक वाळकी फांदी हातकरवतीने काढून दिली आणि तेव्हापासून कॉलनीत मी 'झाडवाला' झालोय. आता मे लागताच रांग लागली आहे. एका काकूंना शेवगा छाटून हवाय. समोरच्या आजोबांचा नारळ भिंतीकडे कललाय, तो काढायचाय. कोपऱ्यावरच्या काकांना त्यांचा जुना गुलमोहर मुळापासून नकोय. त्याच्या एका अंगाला पत्र्याची शेड, दुसऱ्या अंगाला विजेची तार. बाहेरचा माणूस मागतो त्याच्या निम्मे पैसे देतो म्हणाले. मी एक जुना चेनसॉही, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, घेऊन ठेवलाय. आई रोज बोलते. ही कामं घ्यावीत का? पैसे घ्यावेत का? आणि नाही म्हणायचं तर या माणसांना कसं म्हणू? त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलोय मी.
— एक झाडवेडा, सातारा

उत्तर :

गुलमोहर आणि नारळ, ही दोन्ही कामं घेऊ नकोस. निम्मे काय, दुप्पट पैसे दिले तरी नको. शेवगा तुला करता येईल, पण त्यावर चढून नाही. आईचं बरोबर आहे. आता का, ते सविस्तर सांगते, कारण नुसतं 'नको' म्हटलेलं तुझ्यासारख्या हौशी माणसाला पटत नाही आणि पटूही नये.

आधी तुझ्या हौशीबद्दल. ती सोडू नकोस. आपल्याकडे सूरपारंब्या खेळत कित्येक पिढ्या वडाच्या फांद्यांवर वाढल्या. झाडावर जाऊन बसायला काही कारण लागतं असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं. दोर आणि हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे) लावून निव्वळ आनंदासाठी झाडावर चढायचं शिकवणारी पहिली संस्था 1983 मध्ये अमेरिकेत अटलांटाला पीटर जेन्किन्स या गृहस्थांनी काढली. तेही तुझ्यासारखे आधी कडे चढणारेच, आणि व्यवसायाने झाडांची कामं करणारे. लक्षात घे, दोन्ही गोष्टी येणाऱ्या या माणसाने हौशी लोकांना चढायला शिकवलं, तोडायला नाही. ही दोन कामं लांबून सारखी दिसतात. दोघांत दोर असतो, उंची असते, हेल्मेट असतं. पण तू नुसता चढतोस तेव्हा झाड जसंच्या तसं राहतं. तू मजबूत बेचकं निवडतोस, त्यावर आपलं वजन टाकून बघतोस, मग वर जातोस, आणि उतरेपर्यंत त्या हिशेबात काही बदलत नाही. तोडताना तू ज्याला टांगलेला आहेस तेच दर कापागणिक बदलत असतं. फांदी गेली की खोडाचा तोल बदलतो. शेंडा गेला की उरलेलं खोड उलट्या दिशेला झोका घेतं, आणि त्या खोडाला तू बांधलेला असतोस.

वजनाचा अंदाज आपल्याला फार चुकतो, म्हणून हा हिशेब एकदा कर. एक फूट जाडीचा, एक मीटर लांबीचा ओला ओंडका साधारण 60 ते 70 किलोचा भरतो. तीन मीटरचा घेतलास तर दोनशेच्या आसपास. खाली पत्र्याची शेड आहे म्हणजे तो सरळ टाकता येणार नाही, दोराने बांधून सावकाश सोडावा लागणार. बांधलेला ओंडका कापल्यावर हात-दोन हात जरी खाली पडून दोराने अडला, तरी दोरावर बसणारा झटका त्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो. आणि दोर ज्या कप्पीतून किंवा बेचक्यातून ओवलाय तिथे दोन्ही बाजूंची ओढ एकाच वेळी लागते, म्हणजे जवळपास दुप्पट. ते बेचकं ज्या खोडावर आहे त्याच खोडावर तुझा हार्नेसही अडकवलेला. खोड आतून पोकळ असेल तर हे त्या क्षणापर्यंत कळत नाही.

गुलमोहर तर अशी परीक्षा बघणारं झाडच आहे. मूळ मादागास्करचं, वाढायला भराभर, लाकूड ठिसूळ. मुळं वरच्यावर पसरलेली, त्यात रस्त्याच्या आणि गटाराच्या खोदाईत एका बाजूची कितीतरी छाटली गेलेली असतात आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. पहिल्या वळवाच्या वाऱ्यात शहरांतून जी झाडं आडवी होतात त्यांत गुलमोहर, सोनमोहर हमखास असतात. तू त्या झाडाखाली जाऊन एकदा नीट बघ, चढू नकोस, नुसतं बघ. दोन जाड फांद्या जिथे इंग्रजी व्हीसारख्या अरुंद फुटल्या आहेत तिथे साल आत दुमडलेली दिसते का? तो जोड कच्चा असतो. दोन लाकडं एकजीव न होता नुसती एकमेकांना टेकलेली असतात. बुंध्याशी किंवा मुळांवर कडक आळंबी उगवली आहे का? असेल तर आतला गाभा कुजायला लागलाय. लाकडी हातोड्याने खोड ठोकून आवाज ऐक, भरीव आणि पोकळ यांतला फरक कानाला कळतो. बुंध्याजवळची माती एका बाजूने उचलून भेग पडली आहे का? यातलं काही आढळलं तर त्या झाडावर हौसेनेही चढायचं नाही. कुजलेल्या झाडावर माणूस टांगून काम करणं जाणकार माणसंही टाळतात. ती हायड्रॉलिक शिडी किंवा क्रेन मागवतात.

आता तू म्हणशील, चढतच नाही, खालूनच पाडतो. झाड हव्या त्या दिशेला पाडायचं तर पडायच्या बाजूला खाच घ्यावी लागते, मागून काप घ्यावा लागतो, आणि दोहोंच्या मध्ये न कापलेल्या लाकडाची एक पट्टी राखावी लागते. तिला बिजागरी म्हणतात आणि झाड त्या बिजागरीवरच फिरतं. ती सरळ, पुरेशी रुंद आणि निरोगी लाकडाची असेल तरच दिशा तुझ्या हातात. कललेल्या खोडात मागून काप घेताना खोड उभंच चिरतं आणि त्याचा मागचा भाग कापणाऱ्याच्या तोंडावर येतो. अशा वेळी बाजूला व्हायला सेकंदही मिळत नाही. शिवाय उभ्या झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरा माणूस असू नये, असा पाडकामाचा नियम आहे. तुमच्या कॉलनीत तेवढी मोकळी जागा आहे का? दोन बंगल्यांमध्ये झाड पाडायचं म्हणजे ते तुकड्या-तुकड्यांनी वरूनच उतरवावं लागतं. म्हणजे पुन्हा तेच, चेनसॉ घेऊन टांगलेला माणूस. त्याला एक नाही, दोन स्वतंत्र आधार लागतात, त्यांतला एक आत पोलादी तार असलेला, कारण फिरत्या साखळीचा नुसता स्पर्श झाला तरी ताणलेला दोर क्षणात तुटतो. चेनसॉ एका हाताने कधीही चालवायचा नाही. दोरावर लटकून, पाय खोडाला टेकवून दोन्ही हातांनी यंत्र चालवणं हे वेगळं शिकावं लागतं, आणि ते शिकवणाऱ्याच्या नजरेखाली, जमिनीपासून हातभर उंचीवर शिकतात. जुना चेनसॉ आणि मोबाइलवरचे व्हिडिओ एवढ्या भांडवलावर नाही.

तारेबद्दल एकच सांगते, आणि यात चर्चा नको. तार जवळ असेल तर वीज बंद केल्याशिवाय त्या बाजूच्या फांदीला कुणी हात लावायचा नाही. तू नाही, माळी नाही, कोयतेवाला नाही. ओली फांदी वीज वाहते. उच्चदाबाच्या तारेला स्पर्शही व्हावा लागत नाही, जवळ गेलं तरी पुरतं. काकांनी महावितरणच्या कार्यालयात अर्ज द्यावा. पावसाळ्याआधी तारांवरच्या फांद्या काढायचं काम ते करतातच, आणि 1912 हा तक्रारीचा क्रमांकही आहे.

नारळाचं सांगायचं तर तुझं सगळं तंत्र तिथे निरुपयोगी आहे. दोर टाकायला फांदीच नाही. सिंधुदुर्गात आणि गोव्यात पाडेली, म्हणजे नारळ पाडणारे, पिढ्यान्‌पिढ्या ज्या कसबाने माडावर जातात, ते दोरावर चढायच्या कलेशी अजिबात मिळतंजुळतं नाही. नारळ विकास मंडळाने 2011 मध्ये माडावर चढणाऱ्यांना यंत्रासह शिकवायचा कार्यक्रम सुरू केला, त्यांच्यासाठी अपघात विमाही आहे. म्हणजे सरकारनेही ते स्वतंत्र आणि जोखमीचं काम मानलंय. माडाच्या शेंड्यात सोंड्या भुंगा असेल तर खोडाला भोकं दिसतात, तांबूस-तपकिरी रस गळतो, चघळलेला चोथा बाहेर येतो. असा शेंडा माणसाच्या वजनाने मोडून खाली येऊ शकतो. आणि माडाच्या खोडाची घडण वेगळी, बाहेरून कडक, आत मऊ आणि पाण्याने जड, त्यामुळे वर सांगितलेल्या बिजागरीचा भरवसाही तिथे धरता येत नाही. आजोबांना आधी एक विचार, माड किती वर्षांपासून कलता आहे? माड पुष्कळदा उजेडाकडे कलत वाढतो आणि तसाच अनेक वर्षं उभा राहतो. यंदाच कललाय की कायमचाच तसा आहे, यावर काढायचा की नाही हे ठरेल. कदाचित वाळलेल्या झावळ्या आणि नारळ वेळेवर उतरवणं एवढंच पुरे होईल.

शेवगा मात्र कर. शेवग्यावर कुणी चढत नाही, त्याची फांदी सांगून मोडत नाही. जांभळाचीही तीच गत, हे तुला गावाकडे कुणीही सांगेल. पण शेवगा छाटणी मानवणारं झाड आहे, चांगला खाली घेतला तरी पुन्हा फुटतो. जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या करवतीने घे. जाड फांदी असेल तर एका कापात घेऊ नकोस. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून, म्हणजे फांदीचं वजन उतरतं आणि साल खोडापर्यंत सोलवटत नाही. उरलेलं खुंट मग शेवटच्या कापात काढ. हा शेवटचा काप खोडाला चिकटून घ्यायचा नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी दिसते, ती राखून तिच्या बाहेर घ्यायचा. अ‍ॅलेक्स शायगो या अमेरिकी शास्त्रज्ञाने हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाड आपली जखम माणसासारखी भरून काढत नाही. ते कुजणाऱ्या भागाभोवती भिंत उभी करून तो कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. ही भिंत त्या वळीतून उभी राहते. ती कापलीस तर कूज थेट खोडात जाते. आंब्याची वाळकी फांदी काढतानाही हेच पाळ.

आणखी एक, तुझ्या पत्रात दिसलं नाही म्हणून विचारते. तू झाडावर असताना खाली कोण असतं? झाडांची निगा राखणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय चढाई स्पर्धेत वर अडकलेल्या जखमी माणसाला खाली आणणं हा स्वतंत्र प्रकार ठेवलेला आहे, इतकं ते महत्त्वाचं. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये लटकत राहिला तर काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. आग्या मोहोळ उठलं तर जमिनीवरचा माणूस पळू शकतो, दोरावरचा नाही. दुसरा चढणारा, त्याचा स्वतःचा हार्नेस आणि मोकळा दोर खाली तयार असल्याशिवाय नुसतं बसायलाही वर जाऊ नकोस. कड्यावर वापरतोस तो ताणला जाणारा दोर झाडाला वापरत नाहीस ना? झाडावर सतत दोराच्या भारावर राहायचं असतं, तिथे कमी ताणाचा जाड दोर हवा.

कायदा थोडक्यात. साताऱ्यासारख्या नगरपालिका हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे. स्वतःच्या अंगणातलं झाड असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि हा कायदा तोडणाऱ्यालाही धरतो, तोडून घेणाऱ्यालाही. झाडाला इजा करणं हेही त्यात तोडण्यातच मोजलं जातं, म्हणून मोठ्या छाटणीआधी नगरपालिकेत विचारायचंच, शेवग्यापुरतंही विचारून घे. 2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी नवी झाडं लावायची असतात. काकांचा गुलमोहर किती जुना आहे हे बघावं लागेल. पावसाळ्यात बगळे, ढोकरी घरटी करतात. घरटी असलेल्या झाडाला हात लावला तर वन्यजीव संरक्षण कायदाही आड येतो. आणि येऊ दे, पिल्लांसकट फांद्या खाली आलेल्या मी पाहिल्या आहेत.

पैशाचं म्हणशील तर पैसे न घेतल्याने जबाबदारी हलकी होत नाही. ओंडका शेडमध्ये झोपलेल्या कुणावर पडला तर 'मी शेजारधर्म म्हणून केलं' हे पोलिसांना सांगून भागत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली गुन्हा होतो, फुकट असो की विकत. तुझा अपघात विमा असलाच तर कागद ओळ न् ओळ वाच. उंचीवरची धोकादायक कामं बऱ्याच पॉलिसींमधून वगळलेली असतात. म्हणून छोट्या कामाचे पैसे घेऊ नकोस आणि मोठं काम फुकटही करू नकोस. पुढे हा व्यवसाय करावा असं खरंच वाटलं तर नोकरी सांभाळून एखाद्या जाणत्या कंत्राटदाराकडे दोन हंगाम खाली दोर धरायला जा. जमिनीवरचं काम आल्याशिवाय वरचं येत नाही.

आता खरा प्रश्न, भिडेचा. भीड ही भिकेची बहीण, हे खरं. पण तू ज्या माणसांत राहतोस त्यांना तोडून बोलायची गरज नाही. काकांना म्हण : "काका, झाडावर चढणं मला येतं, झाड उतरवणं येत नाही. काही चुकलं तर तुमची शेड जाईल, तार जाईल आणि मीही जाईन. पण हे काम नीट होईपर्यंत मी तुमच्यासोबत आहे." शेवटचं वाक्य नुसतं बोलायचं नाही, पाळायचंय. कारण तू नाही म्हटल्यावर काय होणार मला माहीत आहे. काका नाक्यावरून एखाद्याला बोलावतील. तो कोयता कमरेला खोचून, नायलॉनची दोरी खांद्यावर टाकून, अनवाणी वर जाईल. त्याला ना हेल्मेट, ना विमा, आणि घरी त्याच्या रोजावर चार माणसं. तू सुरक्षित राहिलास आणि तो पडला, तर त्या 'नाही'चा काय उपयोग?

म्हणून काकांबरोबर बसून नगरपालिकेचा अर्ज तू लिही. झाडाचे चारही बाजूंनी फोटो काढ, बेचक्याचा, बुंध्याचा, तारेपासूनच्या अंतराचा. मुळासकट काढायची खरंच गरज आहे का ते आधी तज्ज्ञाकडून बघून घ्या. बहुतेक वेळा लोकांना झाड नको नसतं, वाऱ्याची भीती नको असते. शेडवर आलेल्या फांद्या हलक्या करून, एका वेळी पाव भागापेक्षा जास्त हिरवा पसारा न काढता काम भागतं. शेंडाच उडवायचा हट्ट मात्र मोडून काढ. शेंडा मारलेल्या झाडाला वरून झुपकेदार कच्चे फुटवे येतात आणि पाच-सात वर्षांत तेच आधी मोडतात. काढायचंच ठरलं तर ज्यांच्याकडे शिडीची गाडी, हेल्मेट आणि माणसांचा विमा आहे त्यांनाच काम द्यायचं. जास्त पैसे पडतील. शेजारच्या दोन-तीन घरांनी वाटून घ्या म्हणावं, झाड पडलं तर सगळ्यांवरच पडणार आहे. काम चालू असेल त्या दिवशी सुट्टी काढ आणि रस्ता अडवून मुलांना लांब ठेवायची जबाबदारी घे. हा शेजारधर्मच आहे, आणि तो तुझ्या हातचा आहे.

चेनसॉ विकायची घाई नको, पण तो जमिनीवरच राहू दे. पावसात पडलेली फांदी रस्त्यातून बाजूला करायला उपयोगी पडेल. तेही पायांचं संरक्षक कापड, बूट, चष्मा आणि कानांवर आवरण असेल तरच, आणि दुसरा माणूस हाकेच्या अंतरावर असताना. पडलेल्या फांदीत ताण अडकलेला असतो. ती कुठे वाकली आहे ते आधी ओळखायचं आणि वाकाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं कापत ताण सोडायचा. एकदम बाहेरून कापलंस तर ती उसळून अंगावर येते. झाड घरावर किंवा गाडीवर पडलं असेल तर ते तुझं काम नाही, अग्निशमन दलाला 101 वर कळव.

काकूंकडे मात्र या रविवारीच जा. वळीव सुरू व्हायच्या आत शेवगा झाला पाहिजे, आणि शेंगा उतरवून मग छाट, त्यांना आवडेल.